उस्तादले मी 'आर' देल्ला

पुलगावपासून आर्वीपर्यंत माह्यावानी भुताले न भेणारा माणूस तुमाले सापडाचा नाई. अंधार पडला का मी घरामांगच्या संडासात गाणं म्हणत जातो आन बायकोले दाराशी उभी ठेवतो, ते वायलं.

पन खरं सांगतो मंडळी, भूतबीत मी कधी मानलं नाई. माही पोरगी वर्षा या ग्रुपवरचे भुताचे किस्से मले वाचून दाखवते आन मी चहा गाळता गाळता हासतो. मले सोताले वाचता येत नाई. शाळेत मी दोन दिवस गेलतो, त्यातला एक रविवार निंगाला. हे बी मी बोलून राह्यलो आन वर्षा टाइप करून राह्यली. ती म्हणते, "बाबा, हळू बोला." मी म्हणतो, हळू बोललो त रडू येईन, मंग तुले काय टाइप करता येईन...

तर जागा सांगतो. पुलगाववरून आर्वीकडं निंगालं का पाच-सात किलोमीटरवर उजव्या हाताले मुरमाड माळ लागते. आता तिथं टिनाचे तीन रिकामे शेड हायेत, बाकी सारं गवत. आधी तिथं फौजेच्या सिग्नलवाल्यायचा ट्रेनिंगचा कॅम्प होता. पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो वायला, हा कॅम्प वायला — गल्लत करू नका. युनिटचं नाव मी सांगत नाई. सांगतलं त बी चुकीचं सांगीन, कारण गेटवरच्या पाटीखालून मी बारा वर्सं गेलो-आलो, पन पाटीवर काय लिहिलं हाये हे कोणाले पुसाची लाज वाटे.

लढाईत निरोप इकडून तिकडं पोचवणारे जे शिपाई असते — तारेवरून, वायरलेसवरून — ते पोट्टे तिथं शिकत. मी त्यायचा चहावाला. दोन नंबरच्या शेडले बजर रूम म्हणत. त्यात मोर्स शिकवत. मोर्स म्हणजे डिट आन डा... बारका आवाज डिट, लांब आवाज डा, आन त्यातूनच सारी एबीसीडी. त्या शेडच्या मांगच्या खिडकीशी माहा स्टोव्ह होता. दिवसभर कानात तेच — डिट डा, डा डिट. घरी झोपेत घोरलो तरी बायको म्हणे, "आज कोणाले निरोप धाडून राह्यला?"

शिकवणारे होते सुभेदार वानखेडे साहेब. सेलूकडचे. फौजेत शिकवणाऱ्याले उस्ताद म्हणते, त आम्ही बी उस्तादच म्हणत होतो. क्लासात हिंदी बोलत, माह्याशी आपली वऱ्हाडी. नवी बॅच आली का पहिल्या दिवशी त्यायचं भाषण ठरलेलं राहे. मले ते तोंडपाठ हाये.

"पहले झंडी हिलाते थे. फिर आईने से धूप चमकाते थे. फिर खच्चर की पीठ पे तार का ड्रम बाँध के लड़ाई में तार बिछाते थे. आज डब्बा है, सॅटेलाइट है. पर काम वही है. बात जैसी निकली, वैसी पहुँचे."

एखादं पोट्टं पुसेच, "उस्ताद, अब मोर्स कौन चलाता है?"

उस्ताद चिडत नसत. खिशातला पाना काढत आन शेडच्या लोखंडी खांबाजवळ जात. "बैटरी मर गई. सेट टूट गया. गला बैठ गया. तब क्या करेगा? चिट्ठी लिखेगा?" मंग पान्यानं खांबावर ठोकत — टक, आन पाना खांबावरून घासत — खर्रर. "ठोका तो डिट. घसीटा तो डा. जब तक हाथ है, तब तक सिग्नल है."

दुसरी गोष्ट ते 'आर'ची सांगत. निरोप भेटला का समोरच्याले 'आर' धाडाचा — डिट डा डिट. म्हणजे भेटलं, समजलं, आता तू थांब. "समझे बिना आर मत देना. तूने आर दिया, तो सामने वाला बोलना बंद कर देगा. वो तेरे भरोसे बैठ जाएगा." न समजता कोणी 'आर' देल्ला त त्या पोट्ट्याले येडा, बयताड म्हणून तारेचा ड्रम पाठीवर देऊन अख्ख्या माळाले चक्कर. बरोबर 'आर' देल्ला त टेबलावर दोन बोटायनं — टक टक. तोंडानं शाबास कधीच नाई. ते टक टकच त्यायचं शाबास.

आता माही हुशारी आयका. एक दिवस एका पोट्ट्यानं टाइमपास म्हणून बजरवर 'चाय' वाजवलं. मी खिडकीतून हात घालून कप ठेवला. दुसऱ्यानं वाजवलं, दुसरा कप ठेवला. सारा क्लास माह्याकडं पाहून राह्यला. उस्ताद खिडकीशी आले.

"काऊन बे, तुले कसं समजलं?"

"साहेब, हे वाजलं का पाच मिनिटानं कोणी ना कोणी चहा मांगतेच. मंग मी म्हटलं, आधीच देऊन टाकाव."

उस्ताद लय हासले. तवापासून क्लास सुटला का ते मले अर्धा घंटा बसवत. सहा-सात महिन्यात सव्वीसच्या सव्वीस अक्षरं मले कानानं आले. के वाजला त मी के म्हणो, एन वाजला त एन. पन लिहाले काय? एक बी नाई. आन अक्षरं जोडून शब्द कसा होते, ते त माह्या डोक्यात घुसेच नाई. उस्ताद म्हणत, "आता पाटी घे, वाचाले शिक. महिनाभराचं काम हाये."

मी म्हणो, "साहेब, तिकडं दूध उतू जाऊन राह्यलं." बारा वर्सं माहं दूध उतू जात राह्यलं.

एक गोष्ट त्यायनं मले अजून शिकवली. हरेकाचा हात वायला राहते. मोर्स मारणारा माणूस दिसत नाई, पन हातावरून वळखू येते, जसा आपल्याले चालीवरून माणूस वळखू येते. उस्तादचा हात म्हणजे — दोन अक्षरं झाले का मधात एक बारकी थांब. पोट्टे त्याले 'उस्ताद की खाँसी' म्हणत. दोन अक्षरं, खाँसी, दोन अक्षरं, खाँसी. हजार हातात मी तो हात वळखला असता. ही फुशारकी नाई. वळखला बी... तेच त सांगून राह्यलो.

मंग कॅम्प उठला. सामान दुसरीकडं गेलं, जागा गावाकडं वापस आली, शेड तेवढे राह्यले. उस्ताद रिटायर होऊन सेलूले वावरात राहाले गेले. मी तिथंच रोडवर टपरी टाकली. दिवाळीच्या आसपास उस्ताद एक डाव स्कूटरवर येऊन गेलते. वाळले होते, दम लागे. "पाटी घेतली का?" म्हणे. मी म्हटलं, "साहेब, दूध..." ते हासले आन खोकलत गेले.

त्याच्यानंतरचा मे महिना. दुपारी दोनचा टाइम असन. आमच्या इकडं मे महिन्यात दुपारी दोन वाजता रोडवर कुत्रं बी नसते, गिऱ्हाईक कुठून येईन. मी टपरीवर पोतं टाकलं आन दोन नंबरच्या शेडात जाऊन आडवा झालो. तिथं वारं येते. लोखंडी खांबाले डोस्कं टेकवलं.

टक. खर्रर.

मले वाटलं टिनं तापले. उन्हात टिन वाजतेच.

खर्रर, टक, खर्रर.

मंग वाटलं एखादी बकरी आंग घासून राह्यली असन. उठून शेडाले चक्कर मारली. बकरी नाई, माणूस नाई, आन त्या माळावर लपाले एक झाड नाई. वापस आलो, खांबाले कान लावला. आवाज खांबातून येऊन राह्यला होता. लांबून... पन सोच्छ.

खर्रर टक खर्रर — के. टक टक खर्रर — यू. मंग बारकी थांब. टक खर्रर — ए. खर्रर टक — एन. मंग बारकी थांब. मंग वापस के.

के, यू, खाँसी. ए, एन, खाँसी.

मंडळी, मी खांबावरून कान काढला. हात उस्तादचा होता. त्यात मले तवा बी शंका नव्हती आन आज बी नाई. आन माह्या या टकल्या डोक्यानं त्याचा अर्थ एकच काढला — उस्ताद मेले. मेले, आन आपल्या जुन्या बजर रूममध्ये आले. जित्ता माणूस असा खांबातून बोलते का? नाई ना. मंग मेलेलाच असन. एवढा सीधा हिशोब मी जिंदगीत दुसरा कोणता केला नाई.

फोन खिशात होता. उस्तादचा नंबर होता, वर्षानं त्यावर त्यायचा फोटो लावून देल्ला होता, म्हणजे मले वाचाची गरजच नाई. फोन लावाचं मनात आलं बी. पन मले वाटलं, मी फोन लावला आन मेलेल्या माणसानंच तिकडून 'हॅलो' म्हटलं तर... या भेवानं नाई लावला.

वर्षा टाइप कराची थांबली हाये. लिही बेटा. जसं झालं तसं लिही.

मी सायकल घेतली आन गावात मेडिकलवाल्याकडं पयालो. रस्ताभर तोंडानं के यू ए एन, के यू ए एन, जसं लेकराले दुकानात धाडलं त ते सामानाचं नाव घोकत जाते. मले वाटलं भुताचा निरोप हाये, त निरोपात काय हाये हे त समजलं पाह्यजे. काय मांगते ते देऊन टाकू, मंग ते जाईन.

मेडिकलवाला म्हणजे आपल्याच वयाचा, मस्करीतला माणूस. त्यानं गोळ्याच्या पुडीवर चार अक्षरं लिहिले आन वाचून पाह्यलं.

"कुवान," तो म्हणे. "काऊन, चायनीजची गाडी टाकून राह्यला का बे?"

"मस्करी नको करू. काय होते याचं?"

"काई नाई होत. चिनी माणसाचं नाव दिसते. कोणी धाडलं?"

"भुतानं."

"चिनी भूत," तो म्हणे, आन गल्ल्यावर डोस्कं ठेवून हासत राह्यला. दुकानातले दोघं-तिघं बी हासले. आन खरं सांगू... मी बी हासलो. जिंदगीभर लोकायले हासवत आलो, त लोकं हासले का मी बी त्यायच्यात सामील होतो. सवय हाये. उस्ताद तिकडं खांबातून बोलवून राह्यले होते आन मी मेडिकलवर चिनी भूत होऊन दाखवून राह्यलो होतो. डोये बारीक करून बी दाखवले.

ती पुडी खिशात घातली. किराण्यातून एक नारळ घेतला आन वापस शेडात आलो. चार वाजून गेलते.

आवाज चालूच होता. पन सुस्त झालता. के आन यूच्या मधात आता लय टाइम जाये. खर्रर... टक... मधात बराच वखत काई नाई... मंग खर्रर. मी नारळ फोडला. खांबाले पाणी वाह्यलं. हात जोडून म्हटलं, "उस्ताद, तुमच्या आत्म्याले शांती भेटो. आता जा. गरीब माणूस हाव, इथंच राहाचं हाये."

आवाज थांबला नाई. के. यू.

मंग मले 'आर' आठवला.

मले वाटलं, निरोप भेटला असं समजलं त ते थांबतीन. फौजी माणूस हाये, मेला तरी कायद्यानंच वागन. नारळाच्या बाजूले पडलेला दगड घेतला. खांबावर — टक, खर्रर, टक. डिट डा डिट. भेटलं. समजलं. आता तुम्ही थांबा.

आवाज थांबला.

बराच वखत काईच नाई. मी कान काढणार, तेवढ्यात खांबातून आलं — टक टक.

शाबास.

बारा वर्सात उस्तादनं मले दोन-तीन डावच देल्लं असन ते. माहे डोये भरून आले. त्यानंतर काई वाजलं नाई. संध्याकाळी टपरीवर जो येईन त्याले मी सांगत होतो — असं भूत आलतं, असं बोलत होतं, असं मी त्याले एका 'आर'मध्ये वाटेले लावलं. लोकायनं दोन-दोन कप पेले. मी छाती फुगवून फिरत होतो. ते भूत अजून एक दिवस राह्यलं असतं त मी पाहाले टिकीट लावलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादच्या पोराचा फोन आला. "काका, बाबा गेले."

मी म्हटलं, "मले मालूम हाये बेटा. काल दुपारी ना?"

"काल?" त्यानं पुसलं. मंग म्हणे, "नाई काका. आज सकाळी सापडले, वावरातल्या इहिरीत. डॉक्टर म्हणते रात्री उशिरा जीव गेला. काल दुपारी त जित्ते होते."

मी एसटीनं वर्धा, वर्ध्यावरून सेलू गेलो. इहीर पाह्यली. उन्हाळ्याची इहीर, तळाले कमरेएवढं बी पाणी नाई. उस्ताद मोटरीचा पाइप पाहाले दुपारी खालती उतरले होते. काठावरचा गोटा सुटला आन ते खाली पडले. पाय मोडला, छातीले मार लागला. गळ्यातून आवाज निंगत नसन. पोरगा-सून वर्ध्याले लग्नात गेलते. बाई — म्हणजे उस्तादच्या घरच्या — घरी होत्या, पन घर वावरापासून दूर. रात्री वापस नाई आले म्हणून शोध सुरू झाला, त इहिरीत पाहाचं सकाळीच सुचलं.

मोटरीच्या लोखंडी पाइपावर, हात पुरते तेवढ्या उंचीवर, एका जागी टवके उडाले होते. आन त्याच्या बाजूले लांब लांब ओरखडे. टवके डिट, ओरखडे डा. पाना तिथंच गाळात पडला होता. तिथल्या लोकायले वाटलं का उस्तादनं वर चढाचं म्हणून पाइप खरडला. मले काय ते समजलं. मी कोणालेच काई बोललो नाई. पह्यल्यांदा जिंदगीत माहं तोंड बंद राह्यलं, आन ते बी चुकीच्या दिवशी.

तिथंच एक बकऱ्या चारणारा सांगून राह्यला होता. "लोखंड ठोकल्याचा आवाज मले बी येऊन राह्यला होता दुपारून. म्हटलं, बकऱ्याले पाणी पाजलं का वापस येतानी पाहू काय हाये त. पन चार-साडेचारच्या आसपास आवाज बंदच पडला. मले वाटलं काम झालं असन त्यायचं. मंग मी तिकून गेलोच नाई."

चार-साडेचार.

आता तुम्ही म्हणसान, योगायोग असन. असू शकते. पुलगावचा शेड कुठं, सेलूची इहीर कुठं, मधात अख्खं वर्धा येते. उस्तादचा एक जुना चेला हाये, आता मोठ्या हुद्द्यावर हाये, त्याले मी फोनवर पुसलं. तो म्हणे, काका, लोखंडातून आवाज एवढ्या लांब जाऊच शकत नाई, मधात जमीन हाये, तुमाले ऊन लागलं असन. लागलं असन. पन मेडिकलवाल्याच्या हातची ती पुडी त खोटी नाई. ती त्यानं त्या दुपारी लिहिली, तवा उस्ताद इहिरीत हायेत हे दुनियेत कोणालेच मालूम नव्हतं. मेडिकलवाला आता मले पाहून हासत नाई. चहा पेला त सुट्टे बी वापस घेत नाई, उलटे जास्त देते, आन वर पाहातच नाई. वर्षानं मोबाइलवर लय धुंडलं, कुठंच असं सापडलं नाई. आवाज खांबात कसा आला, माहा 'आर' तिकडं कसा गेला, आन गेलाच नसन त मंग ते टक टक कोणाचं होतं... मले नाई सांगता येत. तुमच्यातल्या कोणाले येत असन त लिहा, वर्षा वाचून दाखवन.

तेरवीले मी गेलो. जेवणं झाल्यावर बाई मांगच्या ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. मी त्यायच्यासमोर बसलो आन पुडी देल्ली. म्हटलं, "बाई, हे वाचता काय."

त्यायनं चष्मा लावला. त्यायले एक पळ बी लागला नाई.

"कुआँ," त्या म्हणे. "ते चिठ्ठ्या अशाच लिहित. हिंदी, पन इंग्रजी अक्षरात. फौजेत तशीच सवय त्यायले." मंग पुडी उलटीसुलटी करून पाह्यली. "हे कुठून आलं?"

मी सारं सांगतलं. शेड, खांब, खाँसी. मेडिकलवर हासलो ते बी सांगतलं. नारळ बी. त्या आयकत राह्यल्या.

"मंग आवाज थांबला कसा?" त्यायनं पुसलं.

"बाई... मी 'आर' देल्ला."

तीस वर्सं सिग्नलवाल्याच्या घरात काढलेली बाई. 'आर' म्हणजे काय हे त्यायले सांगाची गरज नव्हती. त्यायनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुडीत गुंडाळला आन मांडीवर ठेवला. मले वाटलं आता मारतीन. मारलं असतं त बरं झालं असतं.

मी म्हटलं, "बाई, माहं चुकलं. मी भुताले भेलो."

"भूतबीत काई नव्हतं तिथं," बाई म्हणे. "ते जित्ते होते, आन तू बयताड होता."